मांजराच्या मातीचा हिशेब

सदर : घरातलं गणित

बडोद्याच्या जुन्या वाड्यांमध्ये मांजर पाळायला वेगळा असा खर्च नव्हता. दूधभात घरातला, उंदीर त्याचे त्याने शोधायचे आणि बाकीच्या विधींसाठी मागे परस होतंच. मांजर परसात जायचं, माती उकरायचं, काम उरकलं की वर पुन्हा माती ओढायचं आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने ओसरीवर येऊन बसायचं. त्या मातीचे पैसे कुणी मोजले नाहीत.

आता दांडिया बाजार, रावपुरा भागातली कितीतरी घरं वासणा, गोत्री, मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. मांजरही चौथ्या मजल्यावर आलं. बाल्कनीला जाळी लागली, खालच्या कुत्र्यांची आणि गाड्यांची भीती गेली, पण परस काही वर आलं नाही. ते आता पिशवीत भरून विकत आणावं लागतं.

आणि इथे घरात पहिली ठिणगी पडते. पिल्लू आणलेलं असतं कॉलेजातल्या मुलीने किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाने. पिशवीवरची किंमत वाचतात आजोबा. ‘मातीला पैसे?’ हा त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महिन्याच्या महिन्याला येणारा खर्च आहे, आणि मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं. हा हिशेब नीट बसला नाही की काय होतं तेही आपण पाहतो. माती पुरवून पुरवून वापरली जाते, डबा चार दिवसांनी साफ होतो, मांजर वैतागून सोफ्यामागे नाहीतर धुतलेल्या कपड्यांवर बसतं, आणि ‘मांजर घाण करतं’ असा निकाल लागतो. पुढची पायरी म्हणजे ते पिशवीत घालून कुठल्यातरी बाजारात सोडून येणं. घरात वाढलेलं मांजर तिथे फार दिवस टिकत नाही. म्हणून या महिन्याचं गणित जरा मनापासून मांडूया.

दोन लिटरांचा घोळ

दुकानात या वस्तूला ‘लिटर’ म्हणतात, आणि गंमत अशी की काही पिशव्या लिटरच्या मापानेही मिळतात. म्हणजे सहा लिटर लिटर. वाचायला विनोद वाटतो, पण खिशाला तो महागात पडतो, कारण एक पिशवी किलोवर असते आणि दुसरी लिटरवर, आणि आपण दोन्हींच्या किमती शेजारीशेजारी ठेवून तुलना करतो. मातीच्या पिशवीत एक लिटर म्हणजे साधारण पाऊण ते एक किलो भरतं. सोयाबीनच्या चोथ्यापासून केलेल्या, ‘टोफू लिटर’ नावाने मिळणाऱ्या गोळ्या खूप हलक्या असतात, त्यांच्या सहा लिटरच्या पिशवीत सुमारे अडीच किलो माल असतो. तेव्हा पिशवीवर दोन्ही मापं शोधा. घोळ टाळायला मी या लेखात ‘माती’ हाच शब्द वापरते, मग आत काहीही असो.

ही माती विकायची कल्पना फार जुनी नाही. 1947 साली अमेरिकेत मिशिगन राज्यात एड लो नावाच्या तरुणाकडे शेजारीण आपल्या मांजरासाठी वाळू मागायला आली. कडाक्याच्या थंडीत तिच्याकडची वाळू गोठून गेली होती. लोच्या घरचा धंदा कारखान्यांतलं सांडलेलं तेल शोषणारे पदार्थ विकण्याचा. त्याने तिला भाजून वाळवलेल्या शोषक मातीचे दाणे दिले. ती माती म्हणजे आपण चेहऱ्याला लावतो त्या मुलतानी मातीच्या कुळातली. तोवर लोक वाळू, राख किंवा भुसा वापरत आणि घरभर त्याची पावलं उमटत. ही माती त्याहून बरी निघाली आणि एक नवा धंदा उभा राहिला. पुढे 1980 च्या दशकात थॉमस नेल्सन या जीवरसायनशास्त्रज्ञाने ओलं झाल्यावर घट्ट ढेकूळ बांधणारी माती यासाठी वापरात आणली. ती बेंटोनाइट. आज आपल्याकडे सर्वांत जास्त खपते ती हीच.

आपल्यासाठी यातली मोठी बातमी अशी की बेंटोनाइट आपल्या राज्यातच निघतं. कच्छमध्ये त्याच्या मोठ्या खाणी आहेत आणि तिथून ते परदेशातही जातं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्या लाव्ह्याने सह्याद्रीचा कातळ घडवला, त्याच लाव्ह्याचे थर कच्छपर्यंत पसरले होते. तो खडक कुजून, बदलून ही माती झाली. तेव्हा ‘इम्पोर्टेड’ असं ठळक छापलेल्या पिशवीपुढे दबून जायचं कारण नाही. देशी पिशवीतली माती चांगली असू शकते, वाईटही असू शकते. ते पिशवीवरच्या चित्रावरून कळत नाही, घरी पारखावं लागतं.

वाटी, चमचा आणि वजनकाटा

पारख करायला फार काही लागत नाही. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असला की झालं. दुकानातून आधी सर्वांत लहान पिशवी आणा आणि तीन गोष्टी करून बघा.

पहिली धुळीची. काचेच्या रिकाम्या बरणीत दोन मुठी माती घाला, झाकण लावून हलवा आणि उजेडात धरा. आत ढग उठला आणि बराच वेळ खाली बसला नाही, तर ती माती नको. हीच धूळ मांजराच्या नाकात जाणार आणि घरात कुणाला दमा असेल तर त्यांच्याही.

दुसरी ढेकळाची. खोलगट भांड्यात चार बोटं माती भरा आणि तिच्यावर एकाच जागी 20 मिली पाणी ओता. औषधाच्या बाटलीचं मापाचं टोपण यासाठी उत्तम. पंधरा मिनिटांनी ढेकूळ अलगद उचला आणि वीतभर उंचीवरून ताटात सोडा. अख्खं राहिलं तर चांगलं. फुटून भुगा झाला तर तसाच ओला, घाणेरडा भुगा उद्या डब्यातल्या चांगल्या मातीत मिसळणार आहे.

तिसरी वजनाची, आणि खरं गणित इथेच आहे. दुसरं एक ढेकूळ तसंच करून तोला. त्यातून पाण्याचे 20 ग्रॅम वजा करा. उरली ती 20 मिली ओलाव्यामागे खर्च झालेली माती. एक पिशवी 40 ग्रॅम खाते, दुसरी 60 ग्रॅम. पिशवीवर हा आकडा कधीच छापलेला नसतो.

आता महिन्याचा हिशेब मांडूया. भाव मी फक्त उदाहरणासाठी घेते, तुम्ही तुमच्या दुकानातले घाला. समजा, ‘अ’ माती 50 रुपये किलो आणि ‘ब’ माती 80 रुपये किलो आहे. मांजराचा दिवसाचा ओलावा 100 मिली धरा आणि डब्यात एका वेळी 6 किलो माती.

‘अ’ 20 मिलीला 60 ग्रॅम खाते. म्हणजे दिवसाला 300 ग्रॅम, महिन्याला 9 किलो. शिवाय तिची ढेकळं फुटतात, डब्याला वास धरतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी अख्खा डबा रिकामा करावा लागतो. ते 12 किलो. एकूण 21 किलो, 1,050 रुपये.

‘ब’ 20 मिलीला 40 ग्रॅम खाते. दिवसाला 200 ग्रॅम, महिन्याला 6 किलो. ढेकळं अखंड निघतात म्हणून डबा महिन्यातून एकदा बदलला तरी चालतो. ते 6 किलो. एकूण 12 किलो, 960 रुपये.

किलोमागे 30 रुपयांनी महाग असलेली माती महिन्याला 90 रुपयांनी स्वस्त पडली, आणि चौथ्या मजल्यावर वाहून न्यायचं ओझं 9 किलोंनी कमी झालं. तुमच्या दुकानात उत्तर उलटंही येऊ शकेल, एखादी स्वस्त पिशवी खरोखरच चांगली निघेल. म्हणून तर मोजायचं.

आजोबांना ‘ही चांगली कंपनी आहे’ सांगून पटत नाही. हा कागद दाखवा. ज्या पिढीने गॅसचा सिलिंडर किती दिवस गेला ते भिंतीवर लिहून ठेवलं, त्यांना हे गणित आपल्यापेक्षा लवकर समजतं.

फुकटातले पर्याय

‘विकत कशाला, अमुक वापर ना’ असा सल्ला प्रत्येक घरात मिळतो. त्यातले काही सल्ले खरेच कामाचे आहेत, काही नाहीत.

रद्दी. वर्तमानपत्राच्या बारीक पट्ट्या करून डब्यात घालता येतात. नसबंदीच्या किंवा दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर जखमेत मातीचे कण जाऊ नयेत म्हणून डॉक्टर काही दिवस हाच उपाय सांगतात. अगदी लहान पिल्लांनाही तो चालतो. पण कागद वास धरून ठेवतो, ढेकूळ होत नाही, दिवसातून दोनदा सगळं बदलावं लागतं. आणीबाणीला उत्तम, कायमसाठी कटकट.

बांधकामाची किंवा नदीची वाळू. मांजराला ही आवडते. घरच्या मांजराचे पूर्वज पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले, वाळू उकरणं त्यांच्या रक्तातच आहे. पण वाळू मूत्र शोषत नाही, ते तळाशी साचतं. बाहेरच्या ढिगावर दुसऱ्या मांजरा-कुत्र्यांनीही हजेरी लावलेली असते, त्यांच्या पोटातल्या जंतांची अंडी वाळूबरोबर घरात येतात. वापरायचीच झाली तर धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्यायची, थोडीच घालायची आणि रोज सगळी बदलायची. एवढं काम करून वाचलेले पैसे मोजा आणि ठरवा.

सुताराकडचा भुसा. तो आज बहुतेक प्लायवूडचा किंवा एमडीएफचा असतो, म्हणजे त्यात डिंक आणि रसायनं आलीच. शिवाय पिठासारखा बारीक, कधी आत बारीक चुका-खिळे. नको. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या, मांजरांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कांड्या मात्र चांगल्या. ओल्या झाल्या की फुगून त्यांचा भुगा होतो. दोन डबे एकात एक ठेवून वरच्याला चाळणीसारखी भोकं पाडली की भुगा खाली जातो आणि कोरड्या कांड्या वर राहतात. वास कमी, वजन कमी, आणि माती घरभर पसरत नाही. काही मांजरांना त्यांचा जाड दाणा पायाला टोचतो, तेवढीच अडचण. बॉयलरमध्ये जाळायच्या कांड्या स्वस्त मिळतात म्हणून त्या आणू नका. त्यात काय काय दाबलेलं असतं ते सांगता येत नाही.

राख. ती ओली झाली की पंजांना चिकटते, मांजर पंजे चाटतं, आणि राखेतला क्षार तोंडात आणि पोटात जातो. नको.

अर्थिंगच्या खड्ड्यात घालायची बेंटोनाइट पावडर. विजेच्या सामानाच्या दुकानात ती स्वस्त असते आणि ‘माती तीच आहे’ हे कुणीतरी हुशार माणूस शोधून काढतंच. माती त्याच जातीची असली तरी ही पावडर पिठासारखी असते. दाणेदार नसल्याने उकरताना तिचा धुरळा उठेल. नको.

नारळाच्या भुशाच्या विटा. रोपवाटिकेत मिळतात, पाणी घातलं की फुगतात, नीट वाळवून वापरल्या तर ओलावा चांगला शोषतात. ढेकूळ मात्र होत नाही आणि तपकिरी कण पायांबरोबर खोलीभर फिरतात. बाल्कनीत डबा असेल तर एखादवेळ चालून जातं.

विकतच्यांपैकी उरल्या दोन. टोफूच्या गोळ्या हलक्या, कमी धुळीच्या, ढेकूळही बांधतात, पण किंमत जास्त. शिवाय शेवटी तो खाण्याचाच पदार्थ. आपल्या पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली तर बुरशी आणि मुंग्या दोन्ही येतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सिलिका जेलचे खडे ओलावा शोषून घेतात, फक्त शी उचलायची आणि रोज खडे हलवायचे. पिशवी महाग, पण एका मांजराला बरेच दिवस जाते. दाणे कडक आणि खडबडीत असल्याने सगळ्या मांजरांना ते रुचत नाहीत.

पैसे कुठे वाचतात

मातीत जेवढे वाचतात, त्याहून जास्त सवयीत वाचतात. वरच्याच उदाहरणात ‘ब’ माती ठेवून फक्त रोज सकाळ-संध्याकाळ ढेकळं उचलली आणि त्यामुळे पूर्ण डबा महिन्याऐवजी दीड महिन्याने बदलावा लागला, तर महिन्याची माती 12 किलोंवरून 10 किलोंवर येते. 960 चे 800 रुपये झाले आणि कुठलीही नवी पिशवी शोधावी लागली नाही.

माती पाच सेंटिमीटर तरी खोल हवी. काटकसर म्हणून दोन सेंटिमीटर घातली तर मूत्र थेट तळाला जातं आणि तिथे चिखल चिकटतो. तो खरवडताना ढेकूळ फुटतं आणि उरलेली माती खराब होते. इथे हात आखडता घेतला की जास्तच खर्च होतो.

डबा दुकानातला ‘मांजरांचा’च हवा असं नाही. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची लांबी मोजा आणि तिच्या दीडपट लांबीचं काहीही घ्या. कपडे ठेवायचा प्लास्टिकचा मोठा डबा घेऊन त्याची एक बाजू कापून उंबरठा केला तर उत्तम काम होतं. कापलेली कड घासून गुळगुळीत करा. पिल्लांना आणि म्हाताऱ्या मांजरांना गवंडीकामाचं प्लास्टिकचं उथळ घमेलंही चालतं. उचलायला स्वयंपाकघरातून निवृत्त झालेला झारा घ्या, फक्त तो पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही अशी खूण करा. डब्यांची संख्या मांजरांपेक्षा एक जास्त असावी असं पशुवैद्य सांगतात. जागा नसेल तर निदान दोन मांजरांना दोन डबे द्याच, आणि ते एकमेकांपासून दूर ठेवा.

सुगंधी मातीसाठी जास्त पैसे देऊ नका. तो मोगरा आणि लॅव्हेंडर आपल्या नाकासाठी असतो. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, बऱ्याच मांजरांना तो वास नकोसा होतो. वास अडवायला तळाशी चमचाभर खाण्याचा सोडा भुरभुरला तरी भागतं.

डबा धुताना एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. फिनाईल नाही. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकंही नाहीत. त्यांतले घटक मांजराच्या यकृताला झेपत नाहीत, आणि पंजे चाटताना ते थेट पोटात जातात. डांबराच्या गोळ्याही डब्याजवळ नकोत. साधा साबण, गरम पाणी आणि ऊन. उन्हाला बडोद्यात तोटा नाही.

शेवटचं मत मांजराचं

इतकं गणित करून आणलेली माती मांजराने नाकारली, तर ती सर्वांत महाग माती ठरते. मांजरांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्यांना असं दिसलं आहे की बहुतेक मांजरांना बारीक दाण्याची, मऊ, बिनवासाची आणि ढेकूळ बांधणारी माती आवडते. पण ‘बहुतेक’मध्ये तुमची मनी असेलच असं नाही. म्हणून एकदम बदलू नका. आधी पाव भाग नवी, मग अर्धी, मग पाऊण, असं आठ-दहा दिवसांत करा. दोन डबे असतील तर एकात जुनी, एकात नवी ठेवा आणि ती कुठे जाते ते बघा. एकदा जमलं की आठवड्याच्या सवलतीमागे धावून दर वेळी नवी कंपनी आणू नका.

तीन-चार महिन्यांच्या आतल्या पिल्लांना ढेकूळ बांधणारी माती देऊ नका. पिल्लं सगळं तोंडात घालून बघतात आणि ही माती पोटात गेली तर तिथेही फुगते. त्यांना तोपर्यंत कागद किंवा लाकडाच्या कांड्या.

ढेकळं मोजायची ती एवढ्यासाठी

ढेकूळ बांधणारी माती मी घरात ठेवते त्याचं सर्वांत मोठं कारण पैशांचं नाही. मांजर आजार लपवतं. दुखलं तरी ओरडत नाही, कोपऱ्यात जाऊन बसतं. त्याच्या तब्येतीची बातमी रोज देणारी जागा म्हणजे हा डबा.

रोज साधारण दोन ते चार ढेकळं निघत असतील आणि एके दिवशी एकही निघालं नाही, तर थांबू नका. विशेषतः बोका असेल, वारंवार डब्यात जाऊन बसत असेल, कुंथत असेल आणि काहीच होत नसेल, तर मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. घरातल्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय, एरंडेल द्यावं. तसं करू नका. मूत्र अडलं तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. त्याच दिवशी, रात्र असली तरी, पशुवैद्याकडे न्या. उलट ढेकळं अचानक मोठी आणि जास्त निघू लागली, मांजर पाणी खूप पिऊ लागलं, तर मूत्रपिंड किंवा मधुमेहाची तपासणी करून घ्या. रद्दीच्या लगद्यात किंवा वाळूत हे काही दिसत नाही. फुकटच्या पर्यायांच्या किमतीत ही न दिसणारी बातमीही धरावी लागते.

दुसरी गोष्ट घराघरांत मांजराला बाहेर काढायला कारण होते ती: सुनेला किंवा मुलीला दिवस गेले की ‘आता मांजर नको’. यामागची भीती टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची आहे आणि ती निराधार नाही, कारण गरोदरपणात त्याचा पहिल्यांदा संसर्ग झाला तर बाळाला धोका पोहोचतो. पण तो मांजराला हात लावल्याने होत नाही. मांजराच्या शीतून तो बाहेर पडला तरी संसर्ग करण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे रोज साफ होणारा डबा हाच निम्मा बंदोबस्त. त्या नऊ महिन्यांत डबा घरातल्या दुसऱ्या माणसाने साफ करावा. नवरोबांनी हे काम आनंदाने आपल्याकडे घ्यावं. तसं कुणी नसेल तर हातमोजे घालून, नंतर साबणाने हात स्वच्छ धुवावेत. मांजराला कच्चं मांस देऊ नये, बाहेर सोडू नये. कच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही हा संसर्ग होतो, तेव्हा तिकडेही लक्ष हवं. आणि आपल्या डॉक्टरांना घरात मांजर असल्याचं सांगावं. एवढं केलं तर मांजर आणि बाळ एकाच घरात सुखाने राहतात.

याच कारणासाठी वापरलेली माती तुळशीच्या, कढीपत्त्याच्या किंवा कोथिंबिरीच्या कुंडीत घालू नका, ‘माती ती मातीच’ असं कुणीही म्हणालं तरी. संडासातही टाकू नका. बेंटोनाइट पाण्यात फुगतं, पाइप तुंबतो, आणि मग खालच्या मजल्याशी बोलायची वेळ येते. कागदात गुंडाळून, पिशवीचं तोंड बांधून, ओल्या कचऱ्यात न मिसळता वेगळी द्या. कचरा उचलणाऱ्यांचे हातही हातच आहेत.

आता काम तुमच्याकडे. पुढची पिशवी उघडाल त्या दिवशी तिच्यावर मार्करने तारीख घाला, संपेल तेव्हा दुसरी घाला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या खाड्यांची नोंद असतेच, त्याच चौकोनात रोजच्या ढेकळांचा आकडा लिहा. हे काम आजोबांकडे दिलंत तर जास्त नेमाने होईल, आणि एखाद्या सकाळी ‘आज याचा आकडा कमी आहे रे’ हे सर्वांत आधी तेच सांगतील.